आपली बातमी कोण लिहिणार?

(माध्यमशिक्षणाच्या पदवीसंबंधी पालक व विद्यार्थी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाने पुढे काय करावे? ज्या घरात बारावीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी असते, त्या घरात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. डॉक्टर, इंजिनियर, वकील, शिक्षक, नाहीतर सरकारी कचेरीतील नोकरी. या उत्तरात गैर काहीच नाही. ज्यांच्या आजोबांना कचेरीच्या पायरीवर उभे राहण्याची चोरी होती, त्यांना आपल्या नातवाने त्याच कचेरीत खुर्चीवर बसावे असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु अलीकडे काही मुले-मुली निराळे बोलू लागली आहेत. आम्हाला पत्रकारितेची, माध्यमांची पदवी घ्यावयाची आहे, असे ती म्हणतात. आईबाप गोंधळून जातात. ही पदवी कसली? तिच्यावर पोट भरेल काय? हा सिनेमा-टेलिव्हिजनचा नाद तर नव्हे? हे तीन प्रश्न मी अनेक घरांतून ऐकले आहेत, आणि त्यांचीच उत्तरे देण्याचा आज माझा विचार आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. आपल्यातील काही मुलामुलींनी ही पदवी अवश्य घ्यावी. मात्र ती कशासाठी घ्यावयाची हे पालक आणि विद्यार्थी या दोघांनाही स्पष्ट झाल्याखेरीज तिच्यासाठी घरातला एक पैसाही खर्च करू नये.

ही पदवी म्हणजे काय?

महाराष्ट्रात पूर्वी वृत्तपत्रविद्येची पदवी ही दुसरी पदवी असे. आधी कोणत्याही शाखेतून पदवीधर व्हावयाचे आणि मग एक वर्ष अभ्यास करून बी. जे. व्हावयाचे, असा प्रघात होता. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाने १९६४ साली वृत्तपत्रविद्येचे शिक्षण सुरू केले. त्या वास्तूतून कित्येक मराठी पत्रकार तयार होऊन बाहेर पडले आहेत. बारावीनंतर थेट माध्यमांचाच अभ्यास करावयाचा हा मार्ग त्या मानाने नवा आहे. मुंबई विद्यापीठाने बी. एम. एम. या नावाने तीन वर्षांची पदवी सुरू केली आणि २०१९ पासून तिचे नाव बी. ए. एम. एम. सी. असे झाले. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्यास तिला प्रवेश मिळू शकतो. काही महाविद्यालयांनी ती मराठी माध्यमातूनही शिकविली आहे.

या अभ्यासक्रमाची घडण साधारण अशी राहिली आहे. पहिल्या वर्षी भाषेचा वापर, जनसंज्ञापनाची मूलतत्त्वे, वृत्तपत्रांचा इतिहास आणि चालू घडामोडी. दुसऱ्या वर्षी लेखन व संपादन, छायाचित्रण, आकाशवाणी व दूरचित्रवाणी, माध्यमविषयक कायदे आणि नीती. तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने पत्रकारिता किंवा जाहिरातविद्या यांपैकी एक वाट निवडावयाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या रचनेत बदल झाले असून तीन वर्षांनंतर चौथे वर्ष करण्याची सोय आली आहे. म्हणून ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा तेथील चालू वर्षाचा अभ्यासक्रम हाती घेऊन वाचावा. शेजारच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी काय शिकले यावर विसंबू नये.

आपला याच्याशी संबंध काय?

कोणी म्हणेल, अशा पदव्या शेकडो आहेत. हिच्याविषयी स्वतंत्र भाषण करण्याचे कारण काय? कारण असे की, या विद्येशी आपला संबंध फार जुना आहे आणि तो गरजेपोटी जडला आहे.

१८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. ती जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी होती. आपल्या माणसांचे हाल आपल्याच लेखणीने छापील कागदावर मांडण्याचे काम एका शाळकरी मुलीने केले, ही गोष्ट प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तेव्हा ते पत्र उभे राहिले. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी ही परंपरा चालत आली. कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळविलेला विद्वान ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने एकट्याने भरून काढीत होता. हाताखाली शिकलेले सहकारी नाहीत, पदरी पैसा नाही, आणि वर्गणीदार तर बोटांवर मोजण्याइतके, अशी ती स्थिती होती.

त्या वेळी माणसे नव्हती, हे समजण्यासारखे आहे. पण आज काय स्थिती आहे? १९९६ साली दिल्लीत एका अमेरिकन वार्ताहराने एखाद्या दलित पत्रकाराची गाठ घालून द्या, अशी विनंती बी. एन. उनियाल या पत्रकारांना केली. उनियाल यांनी पुष्कळ शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही, आणि तसे त्यांनी ‘पायोनियर’ पत्रात लिहिले. २००६ साली दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी वृत्तसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी झाली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींपैकी एकही मनुष्य आढळला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजदाद केली. वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे आणि नियतकालिके मिळून १२१ नेतृत्वाच्या जागा तपासल्या. १०६ जागांवर उच्चवर्णीय होते, आणि अनुसूचित जाती-जमातींचा माणूस एकाही जागेवर नव्हता. उनियालांच्या शोधापासून तेवीस वर्षे गेली आणि आपला आकडा शून्याचा शून्यच राहिला.

या शून्याचा परिणाम काय होतो, ते खैरलांजीने दाखविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची क्रूर हत्या झाली. पहिले काही आठवडे मोठ्या वृत्तपत्रांतून या घटनेला फारच थोडी जागा मिळाली, आणि जी मिळाली तिच्यात अनैतिक संबंधांची कथा रंगविण्यात आली. जमिनीचा वाद आणि जातीचा द्वेष ही कारणे बाहेर आली ती कार्यकर्त्यांनी गावात जाऊन केलेल्या सत्यशोधनामुळे आणि नंतर रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे. पहिली बातमी लिहिणाऱ्याला त्या गावातल्या बौद्ध घराची ओळख असती आणि कोणते कागद मागावयाचे हे ठाऊक असते, तर मेलेल्यांची बदनामी तरी टळली असती.

आक्रोश पुरेसा नाही

याच ठिकाणी मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या समाजात बोलणाऱ्यांची वाण नाही. कवी आहेत, गायक आहेत, वक्ते आहेत. अन्याय झाला की मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते. वाण आहे ती झालेली गोष्ट पुराव्यानिशी अशी लिहून ठेवणाऱ्यांची, की प्रतिपक्षालाही ती खोडता येऊ नये. ही एक विद्या आहे, आणि ती शिकावी लागते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावात बौद्ध वस्तीवर बहिष्कार पडला. दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतावर काम मिळत नाही. न शिकलेला मनुष्य लिहील, ‘गावगुंडांनी अत्याचाराचा कळस केला.’ वाचणारा वाचतो आणि पान उलटतो. शिकलेला बातमीदार काय करील? कोणत्या तारखेपासून कोणत्या दुकानाने कोणाला माल नाकारला, हे तो नावनिशीवार लिहून घेईल. दुकानदारालाही विचारील आणि त्याचे म्हणणे जसेच्या तसे देईल. पोलीस ठाण्यातून प्रथम खबर अहवालाचा क्रमांक आणि कलमे घेईल. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. २०१५ साली त्यात दुरुस्ती होऊन सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे अथवा तशी धमकी देणे हाही स्पष्ट गुन्हा ठरला आहे, हे त्याला ठाऊक असेल. १९९५ च्या नियमांप्रमाणे या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो, आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावे असे बंधन आहे, हेही त्याला ठाऊक असेल. म्हणून तो अधिकाऱ्याला दोनच प्रश्न विचारील. तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे? साठ दिवसांपैकी किती दिवस उलटले? या दोन प्रश्नांची उत्तरे छापून आली की अधिकाऱ्याला टेबलावरची फाइल उघडावीच लागते.

त्याचप्रमाणे काय छापू नये, हेही तो जाणतो. बलात्कारपीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८ अ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. आपल्याच भगिनीविषयी कळवळा म्हणून तिचे नाव आणि छायाचित्र मोबाइलवरून गावोगाव पाठविणारे आपलेच भाऊ असतात. हा कळवळा तिला दुसऱ्यांदा दुखावतो. माध्यमविषयक कायद्यांची तासिका कंटाळवाणी म्हणून चुकविणाऱ्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे की, या पदवीतील आपल्या सर्वांत उपयोगाचा विषय तोच आहे.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि यूट्यूबवर वाहिनी काढण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मग पदवी हवी कशाला, असा सवाल तरुण करतात. तो रास्त आहे. २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूट भागात ‘खबर लहरिया’ हे पत्र ग्रामीण स्त्रियांनी सुरू केले. त्यांत दलित स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि विद्यापीठाची माध्यमपदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांच्यावर निघालेला माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. तेव्हा पदवीवाचून पत्रकार होताच येत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या स्त्रियाही शिकल्याच. बातमी कशी पडताळावी, दोन्ही बाजू कशा घ्याव्यात, अधिकाऱ्याला प्रश्न कसा विचारावा, हे त्यांनी काम करता करता, चुका दुरुस्त करीत, वर्षानुवर्षे गिरविले. पदवीची तीन वर्षे म्हणजे हेच शिक्षण वेळापत्रक लावून, ग्रंथालय आणि शिक्षक यांच्या साहाय्याने घेण्याची सोय होय. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून किंवा कोणी मोठ्याने सांगितली म्हणून खरी मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. बातमीदाराच्या धंद्याचा पहिला नियम याहून वेगळा नाही.

पोट भरेल काय?

आता पालकांचा दुसरा प्रश्न. येथे मी गोड बोलणार नाही. खाजगी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत राखीव जागा नाहीत. तेथील पुष्कळशा नोकऱ्या ओळखीपाळखीने मिळतात आणि आरंभीचा पगार अपुरा असतो. उमेदवारीचे कित्येक महिने बिनपगारी काढावे लागतात. ज्याच्या वडिलांचे शहरात घर आहे त्याला ते परवडते, वसतिगृह सुटलेल्या मुलाला परवडत नाही. वर उल्लेखिलेला शून्य हा काही अंशी या बिनपगारी महिन्यांतून तयार झाला आहे. म्हणून पदवी घेतानाच दुसरे दार उघडे ठेवले पाहिजे.

ती दारे कोणती? महाराष्ट्र शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे असतात. त्यांना पत्रकारितेचे शिक्षण लागते, ती लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि तेथे आरक्षण लागू असते. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. तिचे वरच्या श्रेणीचे अधिकारी नागरी सेवा परीक्षेतून निवडले जातात. आकाशवाणी आणि दूरदर्शन या प्रसारभारतीच्या संस्था आहेत. पदव्युत्तर शिक्षण घेऊन नेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास प्राध्यापकीचा मार्ग आहे. पदवीनंतर कायद्याचे शिक्षण घेतल्यास न्यायालयीन वार्तांकन करणारा मनुष्य तयार होतो, आणि अशा माणसांची मराठी वृत्तपत्रांत वाणच आहे. जाहिरात आणि जनसंपर्क या क्षेत्रांत वेतन बरे असते. घरची चूल पेटण्यासाठी आपल्या मुलाने ती वाट धरली तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

पैशाची व्यवस्था

ही पदवी बहुतेक महाविद्यालयांत विनाअनुदानित तत्त्वावर चालते, त्यामुळे साध्या बी. ए. पेक्षा तिचे शुल्क पुष्कळ अधिक असते. प्रवेशाच्या आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट दाखल्याची. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीत १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने १९९० साली आदेशात दुरुस्ती केली, तेव्हा बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राचेही हक्क मिळाले. परंतु केंद्राच्या सवलतीसाठी दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांनी दाखला आजच काढून ठेवावा. प्रवेशाच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीत धावू नये.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाख रुपयांची मर्यादा आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास राज्याच्या फ्रीशिप योजनेखाली शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची सवलत मिळण्याची तरतूद आहे. दोन्ही अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करावयाचे असतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मात्र संस्थाचालकांच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर शुल्काची सवलत हातची जाते, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरी गोष्ट महाविद्यालयाची. घटनेच्या कलम १५ (५) खाली खाजगी संस्थांतही प्रवेशासाठी राखीव जागा ठेवता येतात, पण अल्पसंख्याक दर्जाच्या संस्था त्यातून वगळल्या आहेत. तेव्हा संस्थेचा दर्जा विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे विचारा. चकचकीत जाहिराती करणाऱ्या काही खाजगी संस्था केवळ प्रमाणपत्र देतात आणि त्याला पदवी म्हणून खपवितात. कॅमेरा आणि संगणक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हाताळावयास मिळतात की कपाटातच राहतात, हेही विचारा. विचारताना संकोच करू नका; शुल्क आपण भरणार आहोत.

मुलींविषयी

मुलीने हा व्यवसाय धरू नये, रात्री-अपरात्री फिरावे लागते, असे पुष्कळ पालक म्हणतात. काळजी खोटी नाही. परंतु मुक्ता साळवेच्या निबंधाचा उल्लेख मी आताच केला. सत्यशोधक परंपरेतील ‘दीनबंधू’ पत्राचे संपादन विसाव्या शतकाच्या आरंभी तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर सांभाळले होते. अत्याचार झालेली स्त्री पुरुष बातमीदारासमोर सगळे बोलत नाही. तिच्याशेजारी बसून तिचे म्हणणे ऐकून घेणारी, आणि त्यातले काय लिहावयाचे व काय झाकावयाचे हे जाणणारी मुलगी आपल्याकडे नसेल, तर त्या स्त्रीची साक्ष कायमची हरवते. म्हणून मुलीला अडविण्यापेक्षा तिच्या जाण्या-येण्याची, राहण्याची सोय काय आहे ते महाविद्यालयाला आणि पुढे कचेरीला विचारा. ही विचारपूस तिच्या शिक्षणाच्या आड येता कामा नये.

आजपासून काय करावे?

विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडक्यात आहे. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वृत्तपत्र वाचा, आणि एकच बातमी दोघांनी कशी दिली ते ताडून पाहा. मराठी शुद्ध लिहा. आपल्या बोलीची लाज मात्र बाळगू नका, कारण वस्तीतली माणसे तुमच्याशी त्याच बोलीत बोलणार आहेत. गणिताची भीती सोडा. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प ज्याला वाचता येत नाही, त्याला समाजकल्याणाचा पैसा कोठे गेला हे कधीच कळणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली महाविद्यालयात असतानाच एक तरी अर्ज करून पाहा. आणि आपल्या माणसांची चूक दिसली तर तीही लिहा. आपल्याच बाजूचे तेवढे लिहिणाऱ्या बातमीदाराच्या खऱ्या बातमीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

पालकांना आणि वस्तीतील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. विहारात दोन वृत्तपत्रे लावा. वाचनासाठी एक टेबल आणि चांगला दिवा ठेवा. ज्या मुलाने किंवा मुलीने ही पदवी धरली आहे, तिच्या उमेदवारीच्या बिनपगारी महिन्यांचा भार वस्तीतील नोकरदारांनी आळीपाळीने उचलावा. लग्नाच्या मांडवात आपण एका दिवसात जे खर्च करतो, त्याच्या काही अंशात एक मुलगी सहा महिने शहरात राहून काम शिकू शकते.

‘मूकनायक’ निघाला तेव्हा मुक्यांना वाचा देण्यासाठी एका माणसाला सगळे ओझे एकट्याने वाहावे लागले. आज आपल्या हाती शाळा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, कायदा आहे, आणि लिहू-वाचू शकणारी हजारो मुले आहेत. १२१ जागांतला तो शून्य पुसण्यास पाच-दहा वर्षे लागतील, कदाचित अधिकही लागतील. त्याची सुरुवात या वर्षीच्या प्रवेशअर्जापासून करावयाची आहे. तो अर्ज भरताना आपल्या मुलामुलींच्या पाठीशी उभे राहा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.

जय भीम!